सेंटिनल-२ च्या दोन इमेज : जंगल खरंच कमी झालंय की माझं काहीतरी चुकतंय?

हिरवी_रेघ
नमस्कार मंडळी, आधीच सांगते, मी यातली नाही, शिक्षण कॉमर्सचं, सॅटेलाइट इमेजचा नाद गेल्या तीनेक महिन्यांतला. त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

एका धरणाच्या वरच्या अंगाला सदाहरित जंगलाचा पट्टा आहे, तो किती बदललाय ते बघायचं होतं. फेब्रुवारी २०१९ ची सेंटिनल-२ या युरोपच्या उपग्रहाची इमेज एका मित्राच्या जुन्या हार्ड डिस्कवर मिळाली आणि फेब्रुवारी २०२३ ची मी स्वतः कोपर्निकसच्या साइटवरून उतरवली. दोन्ही एल२ए, म्हणजे हवेचा परिणाम काढून टाकलेल्या, दोन्हीत ढग नाहीत, महिनाही तोच ठेवलाय म्हणजे ऋतूचा घोळ नको. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा, काढला. जंगलाचा आकडा २०१९ ला ०.७४ आणि २०२३ ला ०.५१!! रंग भरून बघितलं तर चार वर्षांपूर्वी गडद हिरवा असलेला अख्खा डोंगर पिवळा दिसतोय.

पण गंमत अशी की साधी रंगीत इमेज डोळ्यांनी बघितली तर झाडं आहेत तिथेच आहेत असं वाटतं, नवी इमेज जरा फिकट आहे एवढंच. मी एक पोस्ट लिहून ठेवलीये, "चार वर्षांत जंगलाचा तीस टक्के हिरवेपणा गेला" अशी, पण टाकायला हात धजत नाहीये. एनडीव्हीआय एवढा पडला म्हणजे झाडं तोडली असं म्हणता येतं का? आणि नसेल म्हणता येत तर मग हे उपग्रहावरून पर्यावरणावर लक्ष ठेवतात म्हणजे नक्की कशावर ठेवतात?

उगाचच
टाकून द्या पोस्ट, लाइक धो धो येतील. जंगल गेलं म्हटलं की कुणी आकडा तपासत नाही.

बँडवाला
थांबा थांबा, टाकू नका. आधी एक सांगा, त्याच दोन इमेजमध्ये धरणाच्या पाण्याचा एनडीव्हीआय किती येतोय? मधोमध, खोल पाण्याचा घ्या, काठाचा नको. आणि घरांची छपरं, उघडी जमीन असं काही असेल तर तेही बघा.

तोवर शेवटच्या प्रश्नाचं सांगतो. उपग्रहाला जंगल वगैरे काही दिसत नाही, त्याला फक्त परत आलेला प्रकाश मोजता येतो, कुठल्या रंगाचा किती आला एवढंच. सेंटिनल-२ ७८६ किलोमीटरवरून १३ बँडमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या १३ पट्ट्यांत, तो मोजतो. हिरवं पान लाल प्रकाश खाऊन टाकतं कारण हरितद्रव्याला तो लागतो, आणि त्याच्या शेजारचा जवळचा इन्फ्रारेड, जो आपल्या डोळ्याला दिसत नाही, तो पानाच्या आतल्या पेशींवर आपटून भरपूर परत येतो. म्हणजे एक कमी आणि एक जास्त. या दोघांची वजाबाकी भागिले बेरीज, झाला एनडीव्हीआय. त्यात झाडांची संख्या कुठेच नाहीये हे लक्षात घ्या. पानगळ, दुष्काळ, कीड, पातळ धुकं, डोंगराची सावली, कशानेही तो पडतो. उलटं पण होतं, जंगल तोडून ऊस लावला तर एनडीव्हीआय मजेत ०.८ दाखवेल.

हिरवी_रेघ
बघितलं. पाणी २०१९ ला उणे ०.३३ आणि २०२३ ला उणे ०.०८. उघडी जमीन ०.१३ ची ०.०९ झालीये. पाण्याचं काय झालं असेल? गाळ?

बँडवाला
सापडलं!! पाणी कुणी तोडत नाही ताई, आणि गाळाने उघड्या जमिनीचा आकडा हलत नाही. जंगल वरून खाली आलंय आणि पाणी खालून वर आलंय, दोघंही शून्याकडे सरकलीत. म्हणजे बदल जमिनीवर झालेला नाही, फाइलमध्ये झालाय.

दोन्ही फाइलींची नावं बघा, मध्ये कुठेतरी एन आणि चार आकडे असतील, ते काय आहेत सांगा. माझा अंदाज, जुनीत एन०२११ किंवा तसलं काहीतरी आणि नवीत एन०४०० च्या पुढचं.

हिरवी_रेघ
एन०२११ आणि एन०५०९. तुम्ही ज्योतिषी आहात का?

बँडवाला
ज्योतिषी कसला, याच खड्ड्यात मी स्वतः पडलोय. ऑफिसात साहेबांसमोर प्रेझेंटेशन चालू असताना पडलो होतो, त्यामुळे पक्कं लक्षात आहे.

तर झालंय असं. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपियन स्पेस एजन्सीने सेंटिनल-२ च्या प्रक्रियेची नवी आवृत्ती सुरू केली, ०४.००, म्हणजेच फाइलच्या नावातलं एन०४००. तेव्हापासून फाइलमधल्या प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात १००० जास्तीचे मिळवलेले असतात. कारण रास्त आहे, खोल पाणी किंवा गडद सावली अशा काळ्या जागी हवेचा परिणाम वजा केल्यावर आकडा कधी कधी शून्याच्याही खाली जातो, आणि फाइलमध्ये ऋण आकडा ठेवायची सोय नव्हती, मग तो शून्यावर छाटला जायचा. छाटायच्या ऐवजी सगळ्यांनाच हजारने वर उचललं. वापरणाऱ्याने ते हजार आधी वजा करायचे आणि मग १०००० ने भागायचं, असं मेटाडेटात, म्हणजे सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, लिहिलेलं असतं, पण मेटाडेटा उघडून वाचतो कोण.

आता तुमच्याच जंगलातला एक पिक्सेल धरू. २०१९ ला इन्फ्रारेड ४००० आणि लाल ६०० असेल तर वजाबाकी ३४००, बेरीज ४६००, उत्तर ०.७४. २०२३ ला जंगल जवळपास तसंच आहे, समजा ४००० आणि ६२०, पण फाइलमध्ये तुम्हाला ५००० आणि १६२० दिसणार. वजाबाकी तीच राहते ३३८०, कारण हजारातून हजार गेले, पण बेरीज ४६२० ऐवजी ६६२० होते, खालचा आकडा फुगला. उत्तर ०.५१. म्हणजे तुमचा तीस टक्के हिरवेपणा त्या दोन हजारात गेलाय, जंगलातून नाही. इमेज फिकट वाटत होती ना, तीही यामुळेच.

दोन उपाय आहेत. एकतर नव्या फाइलमधून हजार वजा करा, किंवा सगळ्यात बरं म्हणजे २०१९ ची इमेजसुद्धा आता नव्याने उतरवा, जुना साठा नंतर पुन्हा प्रोसेस केलाय, ती एन०५०० नावाने मिळेल, तिच्यातही हजार मिळवलेलेच आहेत, मग दोन्हीतून वजा करा. मिसळामिसळ मात्र करू नका. गूगल अर्थ इंजिन वापरत असाल तर तिथे हार्मोनाइज्ड नावाचा वेगळा संच आहे, त्यात हे आधीच केलेलं असतं.

ढगांच्या_वर
हे म्हणजे ओझोनच्या भोकासारखं झालं की. नासाच्या उपग्रहाला भोक आधीच दिसलं होतं पण कंप्यूटरने चूक समजून डेटा फेकून दिला, आणि मग जमिनीवरच्या ब्रिटिशांनी शोधलं. उपग्रहावर किती भरवसा ठेवायचा याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

जुनाट_नकाशा
ही गोष्ट सगळीकडे अशीच सांगतात पण ती अर्धीच खरी आहे. निंबस-७ उपग्रह १९७८ साली गेला, त्यावर टॉम्स नावाचं ओझोन मोजणारं यंत्र होतं. १८० डॉबसन युनिटच्या खाली आकडा आला की तो संशयास्पद म्हणून त्यावर खूण व्हायची, कारण तोवर एवढं कमी कधी कुणी पाहिलंच नव्हतं. खूण व्हायची, फेकला जात नव्हता, डेटा जागेवरच होता आणि ती टीम ते आकडे तपासत होती. तेवढ्यात मे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या तिघांचा पेपर आला, अंटार्क्टिकावरच्या हॅली केंद्रात जमिनीवर ठेवलेल्या डॉबसनच्या यंत्राने घेतलेल्या मोजमापांवरचा. मग उपग्रहाचा साठा काढून बघितला तर हे एका केंद्रापुरतं नाही, सगळ्या अंटार्क्टिकावर पसरलंय हे दिसलं. हॅलीवाल्यांकडे वर्षानुवर्षांची पक्की नोंद होती पण एका ठिकाणची, उपग्रहाकडे अख्खा खंड होता पण आकडा खरा मानायला आधार नव्हता. दोन्ही जुळले म्हणून १९८७ ला ओझोन वाचवण्याचा माँट्रियल करार होऊ शकला, नुसत्या एकाच्या जोरावर एवढ्या लवकर झाला असता असं मला वाटत नाही.

हिरवी_रेघ यांनी पण तेच केलंय बघा, आकडा विचित्र आला म्हणून डोळ्यांनी इमेज बघितली. लोक तेवढंही करत नाहीत.

ढगांच्या_वर
बरं, फेकला नाही हे मान्य, माझ्या डोक्यात शाळेपासून तेच बसलं होतं. पण मग एक विचारतो, जमिनीखालचं पाणी उपग्रहावरून मोजतात म्हणतात ते कसं? तिथे तर प्रकाश पोचतच नाही. आमच्या ग्रुपवर एकजण सांगत होता की नासाला प्रत्येक विहिरीची पातळी कळते.

जुनाट_नकाशा
प्रत्येक विहिरीची? नाही हो.

ते ग्रेस नावाचे जुळे उपग्रह. २००२ ते २०१७ पहिली जोडी, २०१८ पासून दुसरी. यांच्यावर कॅमेराच नाही. एकाच कक्षेत एकामागे एक, साधारण २२० किलोमीटरचं अंतर ठेवून फिरतात आणि त्या दोघांमधलं अंतर केसाच्या जाडीहूनही बारीक फरकापर्यंत मोजत राहतात. खाली जिथे वस्तुमान जास्त तिथे पुढचा आधी थोडा ओढला जातो, अंतर वाढतं, मग मागचा ओढला जातो, अंतर कमी होतं. डोंगर काही महिन्याला जागा बदलत नाही, म्हणून महिन्यागणिक जो फरक पडतो तो बहुतेक पाण्याचा, बर्फाचा. त्यातून मातीतला ओलावा, बर्फ, तलाव हे सगळं वजा केलं की उरतं ते भूजल.

याच पद्धतीने २००९ साली नेचरमध्ये छापून आलं होतं की ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात राजस्थान, पंजाब, हरियाणा या पट्ट्यातलं १०९ घन किलोमीटर भूजल कमी झालं. पण याची नजर फार भोंगळ आहे, काहीशे किलोमीटरचा एक ठिपका समजा. राज्यांच्या गटाचं सांगेल, तालुक्याचं विचारलं तर नाही सांगता येणार, विहीर तर सोडाच.

उगाचच
म्हणजे एकाला झाड मोजता येत नाही, दुसऱ्याला विहीर दिसत नाही. वर पाठवता कशाला मग?

रडारप्रेमी
डॉक्टर पण ताप थर्मामीटरनेच मोजतो ना, जंतू मोजत नाही. उपग्रहाची खरी कमाई कुठे असते माहितीये का, तो कंटाळत नाही. अमेरिकेची लँडसॅट मालिका १९७२ पासून चालू आहे, एकामागून एक उपग्रह, आणि पृथ्वीचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा टिपलेला आहे. अरल समुद्र कसा आटत गेला ते त्यात दरवर्षी दिसतं. तेव्हा ती इमेज घेणाऱ्यांच्या डोक्यात अरल समुद्र असेल असं नाही, पण घेऊन ठेवली म्हणून आज आहे. आणि २००८ पर्यंत या इमेज पैसे मोजून घ्याव्या लागायच्या, फुकट केल्यावर वापर किती पटींनी वाढला, नाहीतर आपण इथे बोलत बसलो असतो का.

अर्थात यंत्र आहे, मोडतं पण. लँडसॅट-७ चा एक भाग मे २००३ मध्ये बिघडला, तेव्हापासून त्याच्या प्रत्येक इमेजमध्ये कडेला काळ्या तिरक्या पट्ट्या, २२ टक्के डेटा गायब, आणि लोकांनी तसंच पुढे वीसेक वर्षं वापरलं. रडारवाला सेंटिनल-१बी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला, त्याचा बदली १सी डिसेंबर २०२४ ला वर गेला. मधली तीन वर्षं रडारची इमेज बऱ्याच ठिकाणी सहा दिवसांऐवजी बारा दिवसांनी, काही ठिकाणी त्याहून उशिरा. मिथेन मोजायला पाठवलेला मिथेनसॅट तर मार्च २०२४ ला गेला आणि जून २०२५ मध्ये संपर्कच तुटला.

हिरवी_रेघ
मंडळी, काल रात्री दीड वाजेपर्यंत बसले होते. २०१९ ची नव्याने उतरवली, दोन्हीतून हजार वजा केले. जंगल ०.७४ आणि ०.७३, पाणी दोन्हीकडे उणे ०.३३. बँडवाला, तुमचे किती आभार मानू, ती पोस्ट टाकली असती तर तोंड दाखवायला जागा नव्हती.

पण आता एक वेगळंच निघालंय. सगळं सारखं झाल्यावर नकाशात एकच तुकडा लाल राहिला. डोंगराच्या उतारावर, एका बाजूने रस्ता जातो त्याला चिकटून, सुमारे १२ पिक्सेल रुंद आणि ४० पिक्सेल लांब. एक पिक्सेल १० मीटर म्हणजे साधारण पाच हेक्टर धरा. तिथे २०१९ ला ०.७२ होतं आणि आता ०.३१. रस्त्याकडची कड एकदम सरळ, दुसरी वेडीवाकडी. हे तरी खरं आहे का, की अजून कुठलं हजार वजा करायचं राहिलंय?

बँडवाला
हे खरं दिसतंय. बाजूचं जंगल जागचं हललेलं नाही आणि एवढाच तुकडा पडलाय म्हणजे फाइलचा दोष नाही. ढगाची सावली नाही ना एवढी खात्री करा, आसपास ढग नव्हता म्हणालात तर नसावी. आता दोनच तारखांवर थांबू नका, मधल्या प्रत्येक फेब्रुवारीची घ्या आणि कुठल्या वर्षात पडलं ते पकडा. ते वर्ष मिळालं की त्या वर्षातल्या ढग नसलेल्या सगळ्या इमेज एकेक करून बघा, दर पाच दिवसांनी एक असते.

आणि फक्त एनडीव्हीआय नको. लालच्या जागी बँड १२, हिरव्याच्या जागी ८, निळ्याच्या जागी ४ असं लावून बघा. जिवंत झाडी हिरवीगार दिसेल आणि जळालेली जागा तांबूस तपकिरी. नुसती तोड असेल तर जरा वेगळी दिसते, उघड्या मातीसारखी. सरळ कड म्हटल्यावर माझा पहिला संशय माणसावर, पण वणवासुद्धा रस्त्याला येऊन थांबतो, त्यामुळे आत्ताच काही म्हणत नाही.

रडारप्रेमी
पावसाळ्यात ढग असतील तर सेंटिनल-१ बघा, रडारला ढग आड येत नाहीत. व्हीएच नावाचं चॅनेल घ्या, फांद्यापानांच्या गर्दीत लाट इकडेतिकडे आपटून परत येते ते त्यात दिसतं, झाडी गेली की ते कमी होतं. पण त्याची लाट साडेपाच सेंटिमीटरची, वरच्या पानांतच अडकते, आणि जमीन ओली असेल तर आकडा तिथेही फसवतो. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला नायसार, इसरो आणि नासाचा, त्याच्यावर २४ सेंटिमीटरची लाट पण आहे, ती पानांतून खाली खोडापर्यंत जाते. तुमच्या २०२३ च्या कामाचा नाही म्हणा तो, पण पुढे त्या तुकड्यात झाडं परत येतायत की नुसतं गवत, ते बघायला उपयोगी पडेल.

हिरवी_रेघ
सापडलं!

फेब्रुवारी २०२२ पर्यंत ०.७२ च आहे. एप्रिलच्या पहिल्या दोन इमेज स्वच्छ, तिथेही झाडी जागेवर. त्यानंतरच्या इमेजमध्ये तोच तुकडा बँड १२ वाल्या रंगात एकदम वीटकरी, आणि त्यात दोन ठिकाणी काळपट डाग. त्या पाच दिवसांत काहीतरी झालं. मग मी नासाच्या फर्म्स या आगी दाखवणाऱ्या साइटवर जाऊन तेवढ्याच तारखा टाकल्या, तर एक आगीचा ठिपका आहे, रात्री दीडच्या सुमाराचा. म्हणजे वणवाच ना?

फक्त एक अडचण आहे, तो ठिपका जळालेल्या तुकड्यात पडतच नाहीये. रस्त्याच्या पलीकडे, दीडशे मीटरवर, जिथे झाडी आजही शाबूत आहे. मग ती आग दुसरीच का?

बँडवाला
तीच असणार. तो ठिपका व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या यंत्राचा असणार, आणि त्याचा ठिपका म्हणजे ३७५ मीटरच्या पिक्सेलचा मध्यबिंदू. त्या चौकोनात कुठेतरी गरम आहे एवढंच त्याला कळतं, नेमकं कुठल्या कोपऱ्यात ते नाही. ठिपक्याभोवती तेवढा चौकोन काढून बघा, तुमच्या तुकड्याचा रस्त्याकडचा काही भाग आत येईल. वेळही बसते, हे उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या आसपासच जातात. आग लागली कधी हे मात्र त्यावरून धरू नका, संध्याकाळी लागून रात्री दीडला दिसली असेल. कुणी लावली की आपोआप लागली ते तर इथून कळायचा मार्गच नाही, त्यावर पोस्टमध्ये एक अक्षर लिहू नका.

आणि पोस्ट टाकाल तेव्हा दोन्ही फाइलींची पूर्ण नावं खाली द्या, त्या एनच्या आकड्यासकट, म्हणजे कुणाला पडताळायचं असेल तर त्याला पुन्हा त्याच हजारात अडकायला नको.